कामावरील अपघात आणि नुकसानभरपाई : सोलापुरातील कामगारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने, सायझिंग, गारमेंट, साखर कारखाने, बांधकाम आणि शेतीची यंत्रे अशा कामांत जखमी झालेले कामगार आणि त्यांच्या घरचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी समजावे असे लिहिले आहे. जेथे विषय एकमेकांत गुंतला आहे, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अपघातात मालकाची काही चूक नव्हती. तरीही भरपाई मागता येते का?

होय. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढे दाखवले की पुरते. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला, तेव्हापासून हेच तत्त्व आहे. त्यामुळे "मशीन चांगले होते, याचेच लक्ष नव्हते" हे मालकाचे म्हणणे खरे मानले, तरी तेवढ्याने दावा पडत नाही. कामगाराची चूक कोणत्या मोजक्या प्रसंगी आड येते, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) आणि नुकसानभरपाई कायदा यांपैकी मला काय लागू होते?

दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत तुमचे वेतन महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे तुम्ही ईएसआयमध्ये येता. वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. अशा विमाधारक कामगाराला अपघाताचा लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतो आणि त्याच अपघातासाठी मालकाकडून नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही. जो ईएसआयच्या बाहेर आहे, त्याची भरपाई थेट मालकाने द्यायची असते.

दोन्हींतला फरक मोठा आहे. नुकसानभरपाई कायद्यात कायमच्या अपंगत्वासाठी एकदाच ठोक रक्कम मिळते. ईएसआयमध्ये कायमचे अपंगत्व आले तर हयातभर दरमहा पैसे येतात आणि उपचारही विमा रुग्णालयामार्फत होतात. सरासरी रोजचे वेतन ५०० रुपये असलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात ९० टक्क्यांनी दिवसाला ४५० रुपये मिळतात. वैद्यकीय मंडळाने पुढे ३० टक्के कायमचे अपंगत्व ठरवले, तर दिवसाला १३५ रुपये आयुष्यभर चालू राहतात. वय कमी असेल, तर ईएसआयचा हिशोब बहुधा जास्त फायद्याचा ठरतो. ठोक रकमेच्या मोहात हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

३. आता नवीन कामगार संहिता आली, मग जुना कायदा संपला का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले आहेत. मात्र भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी निर्माण होतो, म्हणून त्या तारखेआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो. न्यायालयात आज चालू असलेली प्रकरणे बहुतेक याच गटातली आहेत. खालील उत्तरांत आकडे आणि कलमे १९२३ च्या कायद्यातली दिली आहेत. पन्नास-साठ टक्क्यांचे सूत्र आणि वयाचा गुणक (प्रश्न ६) नव्या संहितेनेही तसाच ठेवला आहे. वेतनाची मर्यादा आणि किमान रक्कम यांसारखे आकडे अधिसूचनेने बदलतात, म्हणून अर्ज करताना अपघाताच्या दिवशी लागू असलेला आकडा धरावा.

४. अपघात झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत काय करावे?

आधी उपचार, हे सांगायला नको. पण त्याच दिवशी दोन कागद तयार झाले, तर पुढची निम्मी लढाई टळते. पहिला कागद म्हणजे मालकाला दिलेली लेखी सूचना. अपघात कोठे, किती वाजता, कोणत्या यंत्रावर आणि कसा झाला, हे चार ओळींत लिहून द्यावे आणि प्रतीवर पोच घ्यावी. पोच मिळत नसेल, तर तोच मजकूर पोस्टाने रजिस्टर करून पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. जखमीला लिहिता येत नसेल, तर भावाने किंवा सहकाऱ्याने लिहिले तरी चालते.

दुसरा कागद म्हणजे रुग्णालयातला केसपेपर. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, किंवा कोणत्याही खासगी दवाखान्यात जखम कशी झाली हे डॉक्टर विचारतात आणि तुम्ही सांगाल ते लिहून घेतात. तेथे कारखान्याचे नाव आणि यंत्राचा उल्लेख आला पाहिजे. कामावरच्या अपघाताची पोलीस नोंद, ज्याला दवाखान्यात एमएलसी म्हणतात, तीही करून घ्यावी. भरपाईसाठी गुन्हा दाखल होणे आवश्यक नाही. पण एमएलसीवरची तारीख आणि वेळ पुढे कोणालाही नाकारता येत नाही.

ईएसआय असेल, तर मालकाने अपघात अहवाल महामंडळाला ऑनलाइन पाठवला का, हे विचारावे. मृत्यू किंवा गंभीर जखम झाल्यास मालकाने सात दिवसांत नुकसानभरपाई आयुक्तांना (भरपाईचे दावे चालवणारे अधिकारी, प्रश्न २०) कळवणे बंधनकारक आहे. त्याने कळवले नाही, म्हणून तुमचा हक्क जात नाही.

५. मालकाच्या माणसाने दवाखान्यात "घरी पडला" असे लिहायला सांगितले. आता काय?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त दावे येथेच अडकतात. चित्र बहुतेक वेळा सारखेच असते. हाताला रुमाल गुंडाळलेला, शेजारी जॉबर किंवा सुपरवायझर उभा, तोच डॉक्टरांशी बोलतो आणि "बिल आम्ही भरतो" असा शब्द देतो. केसपेपरवर "घरी जिन्यावरून घसरून पडल्याने" अशी ओळ पडते. महिनाभराने बिल भरणे थांबते आणि त्यानंतर ती एक ओळ न्यायालयात कामगाराच्या विरुद्ध वाचली जाते.

नोंद चुकली असेल, तर दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन खरी हकीकत नोंदवून घ्यावी. डिस्चार्ज झाला असेल, तर मालकाला लेखी सूचना आणि पोलीस ठाण्यात अर्ज तातडीने द्यावा. ती नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे त्यात स्पष्ट लिहावे. आयुक्त एकाच कागदावर निर्णय देत नाहीत. त्या दिवशीची हजेरी, पाळीतल्या सहकाऱ्यांची साक्ष, कारखान्यातून दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्याचे म्हणणे, दवाखान्याचे बिल कोणाच्या खात्यातून भरले, हे सारे पाहिले जाते. शिवाय जखमच बोलते. पंजाची बोटे एका रेषेत कापली गेली असतील, तर ती जिन्यावरून पडून कापली गेली हे कोणत्याही डॉक्टरला पटत नाही, आणि डॉक्टरांची साक्ष घेण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

६. भरपाईची रक्कम नेमकी कशी काढतात?

मासिक वेतन, वय आणि इजेचे स्वरूप या तीन गोष्टींवरून. मृत्यू झाल्यास वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणतात. पूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास ६० टक्के धरतात. गुणक कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे : २५ व्या वर्षी २१६.९१, ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९ आणि ६० व्या वर्षी ११७.४१. वय शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेले धरतात. हिशोबासाठी वेतन कितीही असले, तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेपासून ते जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते; त्याआधीच्या अपघातांना ८,००० ची मर्यादा होती.

उदाहरणार्थ, ४० वर्षांचा, १८,००० रुपये वेतनाचा कामगार २०२४ मध्ये दगावला, तर वेतन १५,००० धरून त्याच्या अर्ध्याला, म्हणजे ७,५०० ला, १८४.१७ ने गुणायचे. उत्तर १३,८१,२७५ रुपये. गणित कितीही खाली आले, तरी १९२३ च्या कायद्यानुसार मृत्यूसाठी १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वासाठी १,४०,००० रुपयांपेक्षा कमी देता येत नाहीत. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च या रकमेच्या बाहेर, वेगळा द्यावा लागतो. औषधांची बिले फेकू नयेत.

७. बोट तुटले किंवा डोळा गेला तर किती मिळते?

पहिल्या परिशिष्टात प्रत्येक अवयवासाठी टक्का ठरवून दिला आहे आणि तो टक्का पूर्ण अपंगत्वाच्या रकमेवर लावतात. अंगठा पूर्ण गेल्यास ३० टक्के, अंगठ्याचे फक्त टोकाचे पेर गेल्यास २० टक्के. तर्जनी पूर्ण गेल्यास १४, दोन पेरे गेल्यास ११, एक पेर गेल्यास ९ आणि हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेल्यास ५ टक्के. मधले बोट पूर्ण गेल्यास १२, अनामिका किंवा करंगळीसाठी ७. एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० आणि पूर्ण पंजा गेल्यास ६० टक्के. एका पेराच्या फरकाने रक्कम किती बदलते, हे यावरून कळेल. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात कोणत्या बोटाचे कोणते पेर गेले, हे नेमके लिहून घ्यावे आणि एक्स-रे जपून ठेवावा.

जुन्या मागावर धोटा उडून डोळ्याला लागण्याचे प्रकार येथे नवीन नाहीत. दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी गेल्यास ३० टक्के आणि डोळाच काढावा लागल्यास ४० टक्के धरतात. वय ३५, वेतन १४,००० असेल, तर पूर्ण अपंगत्वाची रक्कम ८,४०० गुणिले १९७.०६, म्हणजे १६,५५,३०४ होते. दृष्टी गेल्याबद्दल तिच्या ३० टक्के, म्हणजे ४,९६,५९१ रुपये मिळायला हवेत. एकाच अपघातात अनेक इजा झाल्यास टक्क्यांची बेरीज होते, पण ती पूर्ण अपंगत्वाच्या रकमेपलीकडे जात नाही.

८. डॉक्टरांनी अपंगत्व ४० टक्के लिहिले, पण मला माझे काम आता मुळीच करता येत नाही. तरी ४० टक्केच मिळणार का?

नाही, आणि हा मुद्दा सोडू नये. शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईची क्षमता कमी होणे वेगळे; कायदा दुसरी गोष्ट मोजतो. डावा हात गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये असे मानले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्णच गेली. सरकारी योजनांसाठी मिळणारे दिव्यांग प्रमाणपत्र येथे उपयोगी पडते, पण ते शेवटचे मोजमाप नव्हे. परिशिष्टात नसलेल्या इजेसाठी, उदाहरणार्थ मणक्याच्या दुखापतीसाठी, डॉक्टरांनी तुमच्या विशिष्ट कामाचा विचार करून कमाईचे नुकसान किती हे लिहावे लागते आणि त्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते.

९. हाड मोडले, तीन महिने घरी होतो, आता बरा आहे. काही मिळेल का?

मिळेल. तात्पुरत्या अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला देय असते. १२,००० वेतनावर पंधरवड्याला ३,००० रुपये. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकले, तर ते पहिल्या दिवसापासून धरतात. कमी टिकले, तर पहिले तीन दिवस वगळतात. हे पैसे कमाल पाच वर्षे चालू राहू शकतात. तीन दिवसांपेक्षा जास्त न टिकणाऱ्या इजेसाठी भरपाई नाही. ईएसआयचा दर वेगळा आहे. प्रश्न २ पाहावा.

१०. हजेरीपत्रकात माझे नाव नाही, पगारही रोखीत. मी तेथे कामाला होतो हे कसे दाखवू?

नेमणूकपत्र असलेला यंत्रमाग कामगार विरळाच, हे आयुक्तांनाही माहीत असते. मोबाइलवरून आलेले पैसे, मालकाशी झालेले संदेश, मालाच्या किंवा मीटरच्या हिशोबाची चिठ्ठी, दिवाळी बोनसच्या पाकिटावरचे नाव, कारखान्यात काढलेला तारखेसह फोटो, आधीचे ईएसआय किंवा भविष्यनिर्वाह निधीचे खाते, शेजारच्या मागावरच्या कामगाराची साक्ष, यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळल्या तरी पुरावा उभा राहतो. मालकाकडची रजिस्टरे हजर करण्याचा आदेश मागता येतो आणि ती लपवली, तर न्यायालय त्याचा अर्थ मालकाविरुद्ध लावू शकते.

नाव लावलेच नाही म्हणून ईएसआय नाकारली जाते, हाही गैरसमज आहे. ज्याच्यासाठी वर्गणी देय होती, तो विमाधारकच. मालकाने ती बुडवली असेल, तर महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकते.

११. आम्हाला कामाप्रमाणे दर आठवड्याला पैसे मिळतात. मासिक वेतन कसे धरणार?

अपघाताआधी सलग बारा महिने काम झाले असेल, तर त्या काळात मिळालेल्या एकूण रकमेचा बारावा भाग म्हणजे मासिक वेतन. एका महिन्यापेक्षा कमी काम झाले असेल, तर त्याच मालकाकडे किंवा परिसरात तसेच काम करणाऱ्याची सरासरी कमाई धरतात. इतर वेळी सलग काळातली एकूण कमाई तीसने गुणून त्या काळातील दिवसांनी भागतात. राहण्याची खोली किंवा जेवण यांसारखी पैशांत मोजता येणारी सवलत वेतनात धरली जाते. प्रवासभत्ता मात्र नाही.

१२. मी ठेकेदाराचा माणूस होतो. कारखाना म्हणतो, ठेकेदाराकडे जा.

ठेकेदारामार्फत करून घेतलेले काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात कारखान्याच्या आवारात किंवा त्याच्या ताब्यातील जागेत झाला असेल, तर कलम १२ नुसार मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करो. ते त्या दोघांचे प्रकरण आहे. अर्जात दोघांनाही आणि विमा पॉलिसी असेल, तर विमा कंपनीलाही प्रतिवादी करावे.

१३. पन्नास हजार देऊन स्टॅम्पपेपरवर "आता काही तक्रार नाही" असे लिहून घेतले. उचलही त्यातून कापली. दार बंद झाले का?

बंद झालेले नाही. कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कलम १७ नुसार रद्दबातल असतो, मग तो पाचशेच्या स्टॅम्पवर असो की नोटरीसमोर. तडजोड करायचीच असेल, तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते नोंदणी नाकारू शकतात. भरपाईतून कोणतेही देणे वळते करून घेण्यास कलम ९ मनाई करते, म्हणून उचलीची कापणी बेकायदेशीर आहे. उचल वसूल करण्याचा वेगळा मार्ग मालकाला मोकळा आहे. तुटलेल्या हाताच्या पैशांतून ती वसूल होणार नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. घरी जाऊन विधवेच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतच्या आगाऊ रकमेचा.

१४. कामगार दारू प्यायलेला होता किंवा त्यानेच मशीनचे गार्ड काढले होते. मग?

नशेत असल्यामुळेच अपघात झाला, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी बसवलेले साधन मुद्दाम काढले, हे मालकाने सिद्ध केले, तर भरपाई नाकारता येते. यात दोन बारकावे आहेत. मृत्यू किंवा पूर्ण व कायमचे अपंगत्व आले असेल, तर यांपैकी कोणतेही कारण मालकाला वाचवत नाही. आणि "जाणूनबुजून" या शब्दाला वजन आहे : उत्पादन वाढावे म्हणून गार्ड काढून चालवण्याची पद्धत कारखान्यातच रुळलेली असेल, तर दोष एकट्या कामगाराच्या माथी मारता येत नाही.

१५. कामावर जाताना रस्त्यात अपघात झाला. तो धरतात का?

ईएसआयमध्ये २०१० पासून धरतात. जुन्या नुकसानभरपाई कायद्याबाबत अनेक वर्षे वाद होता. तो जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात मिटवला. पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघालेला हा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर दगावला होता. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, त्याची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल, तर कामावरचाच मानावा, असे न्यायालयाने ठरवले. नव्या संहितेत ही तरतूद लिहूनच ठेवली आहे. सुटीच्या दिवशी फिरताना किंवा वाट सोडून भलतीकडे गेल्यावर झालेला अपघात यात बसत नाही.

१६. आम्ही कारखान्याच्या आवारातच राहतो. रात्री झोपेत अपघात झाला तर तो कामावरचा का?

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर सरसकट देता येत नाही. मालकाने कामाच्या सोयीसाठी तेथे राहायला सांगितले असेल, रात्री-अपरात्री कामाला उठवले जात असेल किंवा राखणीचीही जबाबदारी असेल, तर राहणे हाच नोकरीचा भाग ठरतो आणि दावा भक्कम होतो. केवळ भाडे वाचावे म्हणून परवानगीने राहत असाल, तर वाद होईल. आवारातील आग किंवा भिंत कोसळणे अशा धोक्याला कामगार नोकरीमुळेच सामोरा गेला, ही मांडणी अशा वेळी उपयोगी पडते. खोली कोणी आणि का दिली, याचे पुरावे आधी गोळा करावेत.

१७. अपघात नाही, पण दमा झाला, ऐकू कमी येते. त्याची भरपाई असते का?

तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. कापसाच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा विकार, उसाच्या चिपाडाच्या धुळीमुळे होणारा विकार आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा हे तिन्ही तीत आहेत. म्हणजे कताई, साखर कारखाना आणि मागाचा खडखडाट हे तिन्ही धंदे यात आले. अडचण पुराव्याची असते, कारण डॉक्टर साधा दमा लिहून मोकळे होतात. किती वर्षे, कोणत्या खात्यात काम केले हे तपासणीच्या वेळी सांगून लिहून घ्यावे; आवाजाच्या बाबतीत श्रवणचाचणी करून घ्यावी.

१८. कामावर असताना हृदयविकाराचा झटका आला.

केवळ कामाच्या वेळेत झटका आला, एवढे पुरत नाही. कामाच्या ताणामुळे तो आला किंवा वाढला, हे दाखवावे लागते. सलग दुसरी पाळी, एप्रिल-मेच्या उन्हात बॉयलरजवळचे काम, अवजड बीम उचलणे अशा गोष्टी तारखेनिशी मांडाव्यात.

१९. मृत्यूनंतर पैसे कोणाला मिळतात? पत्नीने पुन्हा लग्न केले तर?

विधवा पत्नी, अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई हे थेट अवलंबित मानले जातात. वडील, अपंग सज्ञान मुलगा वगैरेंना अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. वाटणी आयुक्त करतात आणि अज्ञान मुलांचा हिस्सा सहसा बँकेत ठेवायला लावतात. ही ठोक रक्कम असल्याने पत्नीने नंतर लग्न केले, म्हणून तिचा हिस्सा परत घेतला जात नाही. ईएसआयमध्ये मात्र पत्नीचा मासिक लाभ पुनर्विवाहाबरोबर थांबतो. बांधकाम कामगार मंडळाकडे जिवंत नोंदणी असेल, तर कामावरील अपघाती मृत्यूसाठी वारसाला मिळणारे पाच लाख रुपये हे कल्याणकारी साहाय्य आहे. मालकाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

२०. दावा कोठे, किती दिवसांत आणि कोणामार्फत करायचा?

सोलापुरात नुकसानभरपाई आयुक्तांचे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा. सबळ कारण असेल, तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. अपघात चाकणला किंवा हैदराबादला झाला, पण तुम्ही मंगळवेढ्याला किंवा अक्कलकोटला राहत असाल, तर राहत्या ठिकाणच्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो. वकील सक्तीचा नाही. कामगार संघटनेचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. "निकालाच्या निम्मे द्या" म्हणणाऱ्या मध्यस्थाला गाठण्याआधी तेथे जावे.

२१. मालक पैसे देतो देतो म्हणतो आणि टाळतो.

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. एका महिन्यात न दिल्यास १९२३ च्या कायद्यानुसार सालीना १२ टक्के सरळ व्याज आणि, उशिराला योग्य कारण नसेल तर, मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो. हा दंडही कामगाराच्या किंवा वारसाच्या पदरात पडतो. रक्कम किती याबद्दल वाद असला, तरी मालकाला जेवढी मान्य आहे, तेवढी आधी द्यावीच लागते.

२२. कंपनीच्या टेम्पोवर असताना अपघात झाला. मोटार अपघात न्यायाधिकरणातही जाता येईल का?

दोन्हींपैकी एकाच ठिकाणी जाता येते आणि एकदा निवडल्यावर मागे फिरता येत नाही. समोरच्या वाहनाची चूक ठळक असेल आणि जखमीची कमाई १५,००० पेक्षा बरीच जास्त असेल, तर मोटार अपघाताच्या दाव्यात रक्कम बहुधा वाढते. जखमी चालकाचीच चूक असेल, तर नुकसानभरपाई कायदा सुरक्षित, कारण तेथे चूक विचारली जात नाही (प्रश्न १).

२३. मळणी यंत्रात हात गेला. ऊसतोडीत बैलगाडी उलटली. शेतीतल्या कामालाही हे लागू आहे का?

ट्रॅक्टर, विजेवर किंवा इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने शेतीकामात लावलेला मजूर दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कायदा लागू असलेल्या कामांच्या यादीत, येतो, म्हणून मळणी यंत्राच्या अपघातात ज्याने मजूर कामाला लावला, त्याच्यावर दावा होतो. यंत्रमालक वेगळा असेल, तर दोघांनाही जोडावे. ऊसतोडीचे प्रकरण अवघड आहे. मुकादम हा मालक म्हणून येतो, पण साखर कारखान्याला मूळ मालक ठरवताना अपघात त्याच्या ताब्यातील जागेत झाला का, हा अडथळा (प्रश्न १२) येतो आणि फड सहसा शेतकऱ्याचा असतो. कारखान्याचा तोडणी-वाहतूक करार, कोयत्याचे (तोडणी करणाऱ्या जोडप्याचे) उचलपत्र आणि कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या रांगेतली गाडीची नोंद मिळवता आली, तर कारखान्याचे नियंत्रण दाखवता येते. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, तर आधी तिचा विमा तपासावा आणि प्रश्न २२ वाचावा.

२४. निकाल आमच्या बाजूने लागला, पण मालक हायकोर्टात जाणार म्हणतो. पैसे अडकतील का?

अपील करायचे, तर मालकाला निकालाची पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते. तसा दाखला जोडल्याशिवाय अपील दाखल होत नाही. मुदत ६० दिवसांची असून अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर चालते, साक्षीपुरावे नव्याने तपासले जात नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे तारखेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. मालकाने अपीलही केले नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर आयुक्तांच्या दाखल्यावरून ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. त्यासाठी वसुलीचा अर्ज तुम्हालाच द्यावा लागतो आणि त्यात मालकाची यंत्रे, गाळा, जमीन यांचा तपशील जेवढा नेमका द्याल, तेवढी तहसील कार्यालयाची कारवाई लवकर होते.